एवढा गाडीवेडा माणूस आणि वॅगनआर सांगतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हल्ली मी या विषयावर तोंड उघडत नाही. ओळखीत कुणाची गाडी घ्यायचं ठरलं की मला फोन येतो, बजेट अमुक, कुठली घेऊ. मी विचारतो रोज कुठे जाता, तर कोथरूडात राहायला, मुलांची शाळा, भाजी, आई-वडिलांना डॉक्टरकडे न्यायचं आणि वर्षातून एकदा गणपतीला कोकणात. मग मी वॅगनआर म्हणतो आणि पलीकडे एकदम शांतता. एवढा गाड्यांचं वेड असलेला माणूस, याने काहीतरी भारी सांगावं अशी अपेक्षा असते बहुतेक.

डबडं दिसते म्हणतात. दिसते, कबूल. पण लांबी ३६५५ मिलिमीटर आणि उंची १६७५, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे आरामात बसते आणि आत डोक्यावर भरपूर जागा. सीट अशा उंचीला आहे की गुडघे दुखणाऱ्या आईला खाली वाकावंही लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही, पाठमोरी उभी राहून टेकायचं, मग साडी सावरत एकेक पाय आत घ्यायचा, झालं. शोरूममध्ये हे कुणी बघतच नाही, सगळे स्क्रीन किती इंचाची ते बघतात. आता सेफ्टी म्हणाल तर तिथे ती मार खाते, २०२३ मध्ये गाड्या आपटून सेफ्टी तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने तिला पाचपैकी एकच स्टार दिला होता. म्हणून दर शनिवार-रविवारी हायवेला लागणाऱ्याला मी ती सांगतच नाही, त्याला सांगतो नेक्सॉन बघ, भारतात बनलेल्या गाड्यांत पहिले पाच स्टार २०१८ मध्ये तिलाच मिळाले होते. गावातल्या गावात तीस-चाळीसच्या स्पीडने फिरणाऱ्याचा हिशेब वेगळा.

आणि हो, नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, डिझायर, सगळ्यांची लांबी ३९९५ मिलिमीटरच कशी, हा योगायोग नाही. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलं की टॅक्स कमी लागतो, २००६ पासूनचा प्रकार आहे हा, आणि सप्टेंबर २०२५ पासून तर सरळ १८ टक्के विरुद्ध ४० टक्के जीएसटी. २०१२ ची डिझायर आठवा, तिची डिकी कशी मागून कापल्यासारखी दिसायची, ती डिझाइनरने नाही, टॅक्सने कापली होती.

डिझेलचं भूत अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. अ‍ॅव्हरेज चांगलं देते, पिकअप मस्त, सगळं मान्य, पण २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आल्यापासून सायलेन्सरच्या लायनीत काजळी पकडणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जळायला गाडी हायवेला जरा वेळ एका दमात पळावी लागते. रोज शाळा ते घर दोन किलोमीटर केलंत तर इंजिन धड गरमही होत नाही, फिल्टर भरत जातो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग लोक म्हणणार गाडीच खराब. सीएनजी स्वस्त पडतो पण पंपावरची रांग आणि डिकी टाकीने भरली म्हणून बॅगा मांडीवर घेऊन प्रवास याची तयारी हवी (हल्ली टाटाने दोन छोट्या टाक्या खाली टाकून डिकी बरीच वाचवलीये, ते डोकं आवडलं आपल्याला). ऑटोमॅटिक मात्र घ्याच, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर डावा पाय झिजवण्यात कसला आलाय पुरुषार्थ.

मग शेवटचा प्रश्न येतोच, घाट चढेल का. चढेल हो, सगळ्याच चढतात, मारुती ८०० सुद्धा तीन सिलिंडरवर कुटुंब घेऊन महाबळेश्वरला जायची. काळजी करायची ती उतरायची. वरंधा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत! अरे गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आजकालच्या इंजिनाचं पेट्रोल बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर, ते तापले की पेडल दाबून गाडी थांबेना होते. ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा, आवाज वाढू दे, काही होत नाही. आणि अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर आपण थांबायचं, डिप्पर मारून दम द्यायचा नाही, तिला एकदा थांबवलं की चढावर परत उचलायला त्रास होतो.

बोगद्यात चारही इंडिकेटर लावून जाणाऱ्यांवर तर वेगळं लिहावं लागेल. लेन बदलताय हे मागच्याला कळणार कसं?

असो. टेस्ट ड्राइव्हला मात्र एकटे जाऊ नका, सेल्समन सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. घरचे सगळे बसवा, एसी फुल करा आणि जवळच्या एखाद्या चढावर, पुण्यात असाल तर बोपदेव घाटात, गाडी मुद्दाम थांबवून परत उचलून बघा. आईला मागे बसवा, उतरताना तिचा चेहरा बघा, आणि मग पाहिजे तर मला फोन करा. रंग कुठला घेऊ हे तेवढं विचारू नका.