टकविलातल्या एका शनिवारची दोन रिटर्न्स

सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला टकविला नावाचं गाव आहे. तिथे फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मी एका फुकट टॅक्स भरून देणाऱ्या केंद्रावर काम करते. व्हिटा म्हणतात या योजनेला, १९६९पासून अमेरिकाभर चालू आहे. स्वयंसेवक रिटर्न तयार करतात आणि दुसऱ्या कुणीतरी ते ओळीनओळ तपासल्याशिवाय ते पाठवता येत नाही. आमच्याकडे ही दुसरी नजर माझी. पुण्यात आर्टिकलशिपला व्हाउचरांवर टिक मारून मारून लागलेली खोड इथे उपयोगी पडते.

लोकांना वाटतं आम्ही दिवसभर आकडेमोड करतो. ती सॉफ्टवेअर करतं. आमचा वेळ जातो तो ‘घरात कोण कोण राहतं?’ या प्रश्नात. कमी पगाराच्या माणसाचा सगळा परतावा त्या उत्तरावर ठरतो. पात्र मूल असेल तर हजारो डॉलर, नसेल तर ठणठणाट.

यंदा आम्हाला अनुदान देणाऱ्यांनी अहवालात एक नवं कलम घातलं: तुमच्याकडे येणाऱ्या सामोअन आणि इथिओपियन समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना, एका पानात. हेच दोन का? तर मार्च २०२४मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सरकारी फॉर्मांतले वंशाचे रकाने बदलले आणि पॅसिफिक बेटवाल्यांखाली ‘सामोअन’, कृष्णवर्णीयांखाली ‘इथिओपियन’ अशा वेगळ्या चौकटी आल्या. बदल चांगलाच आहे. १९९७पर्यंत सामोअन आणि आशियाई एकाच गठ्ठ्यात होते, म्हणजे रेडमंडचा तमिळ इंजिनियर आणि व्हाइट सेंटरची सामोअन आजी मिळून एक सरासरी. इथिओपियन माणूस तर दोन-चारशे वर्षांपूर्वी गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांत मोजला जायचा. पण चौकटी झाल्या म्हणून लगेच दोघांना शेजारी उभं करून उंची मोजायची, ही घाई अनुदानवाल्यांचीच. त्यांना तक्ता लागतो, तक्त्याला विजेता लागतो.

ते पान लिहायला घेतलं त्याच आठवड्यातला हा शनिवार. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत, आकडे गोल केलेत.

आधी इथिओपियन गृहस्थांचं रिटर्न आलं. वय चाळिशीच्या आसपास, अदिस अबाबात अकाउंटिंगची पदवी, इथे विमानतळाजवळच्या पार्किंगमध्ये नोकरी आणि संध्याकाळी उबर. डायव्हर्सिटी व्हिसाच्या, म्हणजे चिठ्ठ्या काढून ग्रीनकार्ड देणाऱ्या, लॉटरीत नंबर लागून आलेले. त्या लॉटरीला लॉटरी म्हणतात खरं, पण बारावीपर्यंत शिक्षण किंवा कौशल्याच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव नसेल तर चिठ्ठी निघूनही उपयोग नाही. गाळून घेतलेली माणसं येतात.

नाव पाहिल्यावर मी आधी सोशल सिक्युरिटीचं कार्ड मागितलं. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. फॉर्ममध्ये ‘लास्ट नेम’च्या जागी वडिलांचं टाकलं आणि कार्डावर आजोबांचं असलं, की आडनावाची पहिली चार अक्षरं जुळत नाहीत आणि रिटर्न परत येतं. गेल्या वर्षी त्यांचं असंच परत आलं होतं. ज्यांच्या स्वतःच्या पासपोर्टात वडिलांचं नाव कुठे घालायचं यावरून रामायण झालंय, अशा मराठी माणसाला ही भानगड समजावून सांगावी लागत नाही.

मग त्यांनी उबरच्या मैलांची वही काढली. बहुतेक ड्रायव्हर ‘असतील पंधरा-वीस हजार’ म्हणतात. तसं आम्हाला चालत नाही. यांच्याकडे शंभर पानी वही, रोजची गाडी सुरू करतानाची आणि बंद करतानाची नोंद, निळ्या पेनने, आणि तारखा इथिओपियन. पहिली नोंद ताहसास २२, २०१६ची. बाजूचा स्वयंसेवक घाबरला, म्हणाला ही वही आठ वर्षं जुनी आहे. मी म्हटलं थांब. त्यांचं वर्ष आपल्यामागे सात-आठ वर्षं असतं, तेरा महिन्यांचं, सप्टेंबरात सुरू होणारं. फोनवर कॅलेंडर उघडून ताडून पाहिलं: ताहसास २२, २०१६ म्हणजे १ जानेवारी २०२४, आणि शेवटची नोंद ताहसास २२, २०१७, म्हणजे बरोब्बर ३१ डिसेंबर. माणसाने आपल्या पंचांगात लिहिलं, पण सुरुवात आणि शेवट अमेरिकन सरकारच्या वर्षावर केला. अठरा हजार मैल भरले, मैलाला ६७ सेंट, म्हणजे बारा हजारांची वजावट. त्या वहीने त्यांचा अडीच हजारांच्या वर कर वाचला. अशी वही तपासायला मिळाली की माझा दिवस चांगला जातो.

पुढचं पान मात्र वाईट. बायको आणि दोन मुलं अदिसमध्ये, ग्रीनकार्डच्या रांगेत. दर महिन्याला पैसे जातात, पावत्या होत्या. पण मूल अमेरिकेचं नागरिक, ‘नॅशनल’ किंवा रहिवासी असल्याशिवाय ते अवलंबित म्हणून दाखवता येत नाही. वर लग्न झाल्याचं खरं सांगितलं म्हणून ‘विवाहित, स्वतंत्र रिटर्न’ या सगळ्यात कंजूष रकान्यात बसले. दोन मुलांच्या बापाचं रिटर्न, मुलं शून्य. त्यांनी मान हलवली आणि सही केली. हे त्यांना आधीच माहीत होतं.

दुपारी सामोअन बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी, वर्षाचे अडतीस हजार. वडील सैन्यात होते, टॅकोमाजवळच्या तळावर बदलून आले आणि कुटुंब इथेच राहिलं. सामोअन लोक या किनाऱ्यावर आले ते बरेचसे असेच. १९००पासून अमेरिकन सामोआवर नौदलाचा कारभार होता, १९५१मध्ये तिथला नौदलाचा तळ बंद झाला, रोजगार गेला आणि जहाजं भरून माणसं हवाई-कॅलिफोर्नियाला निघाली. आज अमेरिकन सामोआत पन्नास हजार माणसंही उरलेली नाहीत. अमेरिकेत त्याच्या कितीतरी पट सामोअन आहेत. अमेरिकन सामोआतून येणाऱ्यांना व्हिसा लागत नाही. अमेरिकन सामोआत जन्मलेला माणूस ‘नॅशनल’ असतो, नागरिक नव्हे: इथे राहू शकतो, सैन्यात मरू शकतो, मत देऊ शकत नाही. पासपोर्टात तसा शेरा असतो. आणि व्हिसाच नाही म्हणून गाळणीही नाही. शिकलेला, न शिकलेला, म्हातारा, आजारी, सगळं गावच्या गाव येतं. बारावी पास लॉटरीवाल्यांच्या शेजारी अख्खं गाव बसवून सरासरी काढायची, हे माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

त्यांच्यासोबत सात वर्षांची एक मुलगी होती, हातात चिप्सची पिशवी. अमेरिकन सामोआतल्या पागो पागोत जन्मलेली, दोन वर्षांची असल्यापासून यांच्याकडे. स्वयंसेवकाने लिहिलं होतं: बहिणीची नात. बहिणीची नात चालते. मुलगी पात्र, बाई ‘कुटुंबप्रमुख’ या सवलतीच्या रकान्यात. स्क्रीनच्या कोपऱ्यात परतावा दिसत होता, साडेचार हजारांच्या जरासा खाली.

मी विचारलं, “बहीण म्हणजे सख्खी? आईवडील तेच?”

त्या हसल्या. “नाही, आमचे वडील भाऊ-भाऊ. पण सिस, ती माझी बहीणच आहे.”

त्यांच्या दृष्टीने तेच बरोबर, आपल्याकडेही चुलत बहीण राखी बांधतेच. पण कायद्यात सख्ख्या, सावत्र किंवा अर्ध्या नात्याच्या भावंडांची पोरं-नातवंडं चालतात. चुलत भावंडांची नाहीत. दत्तक घेतलं असतं किंवा कोर्टाच्या आदेशाने मूल सोपवलेलं असतं तर चाललं असतं. सामोअन घरांत मूल एका घरातून दुसऱ्या घरात वाढायला जाणं इतकं रोजचं आहे, की त्यासाठी कोर्टात जायचं कुणाच्या मनातही येत नाही. मी नातं बदललं. मुलीच्या नावापुढे उरलं ५०० डॉलरचं किरकोळ क्रेडिट. बाई कुटुंबप्रमुखाच्या ‘एकट्या’ झाल्या. कोपऱ्यातला आकडा सव्वादोनशेवर आला. राज्याचं वर्किंग फॅमिलीज क्रेडिट गेलं ते वेगळंच.

त्यांनी चर्चच्या पावत्यांचं पाकीट पुढे केलं. “हे तरी?” वर्षाचे पाच हजारांवर. शिवाय दिराच्या अंत्यविधीला दिलेले दीड हजार, पिसूपोच्या, म्हणजे खाऱ्या गोमांसाच्या, डब्यांचे खोके, चटया. फाआलावेलावे म्हणतात या देण्याला. लग्न, मयत, मताईची, म्हणजे घराण्याच्या मुखियाची, पदवी, काहीही निघालं की कुटुंबाने वर्गणी काढायची. मयतीची वर्गणी कर-कायद्यात दानच नाही. चर्चचं दान बसतं, पण १४,६०० डॉलरची ठोक वजावट आधीच मिळत असल्याने त्या पाकिटाचा काही उपयोग नव्हता. त्यातली एक पावती चर्चची नव्हती, पगारावर उसने देणाऱ्या दुकानाची होती. अंत्यविधीच्या आठवड्यातली. ती त्यांनी हळूच मागे घेतली.

त्या गेल्यावर आमच्या स्वयंसेवकांतले एक काका, बेल्व्ह्यूहून येतात, आयटीतून निवृत्त, कामाला चोख, मला म्हणाले, “घे तुझ्या अहवालाचा निष्कर्ष. इथिओपियन आपल्यासारखे, काटकसरी, वही ठेवणारे. हे लोक मात्र चर्चला पैसा ओततात. तीन पिढ्या इथे, आणि काय केलं?”

काकांना एच-वन कंपनीने आणलं, वकिलाची फी कंपनीने भरली, हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती. रांग दारापर्यंत होती. पण त्यांचं वाक्य मी घरी घेऊन गेले, आणि अजून ते निकालात काढू शकलेले नाही.

कारण सकाळच्या गृहस्थांकडे एक खर्च मी वहीच्या मागच्या पानावर पाहिला होता: महिना पाचशे, इक्कुब. म्हणजे आपली भिशीच. वीस-पंचवीस जण पैसे घालतात, दर महिन्याला एकजण उचलतो. मयतीसाठी वेगळं इद्दिर असतं, त्यातही ठरलेली वर्गणी. काकांना इक्कुब दिसलं असतं तर त्यांनी ‘बचत’ म्हटलं असतं. फाआलावेलावे त्यांना उधळपट्टी दिसते. दोन्हींत पैसा नातेवाईक-ओळखीच्यांत फिरतो आणि परत येतो. बाईंच्या आईच्या अंत्यविधीला लोकांनी इतकं आणलं होतं की गराज भरलं, हे त्यांनीच सांगितलं होतं. फरक असा की इक्कुबमध्ये किती भरायचं आणि तुमची पाळी येणार हे ठरलेलं असतं; मरणाचं काहीच ठरलेलं नसतं. म्हणूनच इक्कुबमधून टॅक्सी घेता येते आणि फाआलावेलावेपायी व्याजाने पैसे काढावे लागतात. हे व्याज मला खटकतं, आणि ते गोड शब्दांत झाकायचं नाही. खुद्द सामोअन तरुण पोरं यावरून घरात भांडतात. पण त्याला आळस किंवा उधळेपणा म्हणणाऱ्याने आधी मान वळवून स्वतःच्या लग्नातल्या आहेराच्या यादीकडे बघावं.

आणि पदवी घेऊन पार्किंगमध्ये उभं राहणं, हे काही यश नव्हे. विमानतळ ज्या सीटॅक गावात आहे तिथे २०१३मध्ये मतदारांनी अवघ्या ७७ मतांनी तासाला १५ डॉलर किमान वेतन मंजूर केलं, ते पुढे वाढत गेलं, म्हणून त्या नोकरीवर ते तग धरून आहेत. वही नीट ठेवणाऱ्या अकाउंटंटला वहीचं काम कुणी देत नाही, ही गोष्ट काकांच्या निष्कर्षात कुठे बसते?

त्या बाईंना मी कायदेशीर मदत केंद्राचं पत्रक दिलं. पालकत्वाचा आदेश घेतला तर पुढची रिटर्न्स वेगळी होतील, सांगितलं. त्यांनी विचारलं, मुलीच्या आईची सही लागेल का. संमती असेल तर काम सोपं होतं, म्हटलं. त्या म्हणाल्या, “पोर तिने मला दिली तेव्हा आम्ही कागद केला नाही. आता कागद मागितला तर ती म्हणेल, माझी पोर मला परत मिळणार नाही की काय.” एवढं बोलून त्यांनी मुलीला चिप्सचा चुरा जमिनीवरून उचलायला लावला आणि निघाल्या.

अहवालात मी तुलनेच्या तक्त्याखाली तीन ओळी घातल्या: कोण कोणत्या दाराने आलं, कुणाची मुलं फॉर्ममध्ये मावत नाहीत आणि पैसा घराबाहेर कुठे जातो. मॅनेजरने तक्ता ठेवला, ओळी काढल्या. म्हणाली अनुदानवाले एवढं वाचत नाहीत. मी त्या परत घातल्या आहेत, या वेळी तक्त्याच्या वर.