तुम्ही विचारलंत म्हणून : ही पर्स ओरिजिनल की फर्स्ट कॉपी?

चामड्याच्या पर्स आणि बॅगा दुरुस्त करणे हे माझे काम असल्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो : महागड्या कंपनीची पर्स ओरिजिनल आहे की फर्स्ट कॉपी, हे कशावरून ओळखायचे? लोगो कसा पाहावा, नंबर कुठे शोधावा, असे एखादे खात्रीचे चिन्ह मी सांगावे अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. माझे उत्तर असे आहे की चिन्हे सर्वांत शेवटी पाहावीत, कारण ग्राहक नेमके काय तपासतो हे नक्कल करणाऱ्याला पक्के ठाऊक असते आणि त्याची सारी मेहनत तिथेच खर्ची पडलेली असते. ज्या कामाला वेळ लागतो आणि जे विकत घेताना कोणी निरखून पाहत नाही, तिथे मात्र तो हात आखडता घेतो.

नक्कल ही काही आजची गोष्ट नाही. आजची महागड्या पर्सची फ्रेंच कंपनी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या लुई व्हिटॉन यांच्या प्रवासी ट्रंकांची नक्कल होऊ लागली, तेव्हा १८८८ मध्ये त्यांनी चौकड्यांच्या नक्षीचे कापड आणले आणि ही नाममुद्रा (ट्रेडमार्क) नोंदलेली असल्याचे त्या कापडावरच लिहिले. तेवढ्याने भागले नाही, म्हणून १८९६ मध्ये त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी आद्याक्षरे आणि फुले गुंफलेली मोनोग्राम नक्षी तयार केली. नकलेला आळा घालण्यासाठी काढलेल्या त्या नक्षीच्या नकला आज रस्तोरस्ती दिसतात. तेव्हा नक्षी हुबेहूब आहे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

या मोनोग्रामच्या पर्स हातात घेऊन 'हे तर चामडे नाही, म्हणजे खोटी' असे म्हणणारेही भेटतात. ते कापड मुळात चामड्याचे नसतेच; सुती कॅनव्हासवर लेप देऊन ते बनवतात. चामडे असते ते बहुतेक मॉडेलांच्या हँडलला आणि कडांच्या पट्ट्यांना, आणि माझी नजर आधी तिथेच जाते. गाईचे हे चामडे जवळजवळ काहीही न चोपडता, नैसर्गिक अवस्थेत वापरलेले असते. नवे असताना ते फिकट वाळूच्या रंगाचे दिसते; ऊन आणि हाताचा तेलकटपणा यांमुळे हळूहळू मधासारखे गडद होते आणि त्यावर पाण्याचा थेंब पडला तर डागही राहतो. नकली हँडलवर बहुधा प्लॅस्टिकचा थर असतो, म्हणून वर्षानुवर्षे त्याचा रंग तसाच राहतो. पर्सचे कोपरे झिजले आहेत, अस्तर मळले आहे आणि हँडल मात्र कोरे, असे दिसले की मी थांबतो. (कंपनी स्वतः हँडल बदलून देते, त्यामुळे तशा दुरुस्तीचे बिल आहे का, हे आधी विचारावे.) 'स्पीडी'सारख्या मॉडेलमध्ये कॅनव्हासचा एकच सलग तुकडा तळाखालून फिरवलेला असल्याने एका बाजूची अक्षरे उलटी येतात, ती पाहून कोणी खरी पर्स परत करू नये.

हर्मेसच्या बाबतीत तर टाकेच बोलतात. १८३७ मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांचे साज बनवणारी कार्यशाळा म्हणून सुरू झालेल्या या घराण्याने साजाची शिवण आजही सोडलेली नाही. मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी आरपार. असा टाका किंचित तिरका बसतो, आणि एखादा तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन वेगळे दोरे असतात, टाके एका रेषेत सरळ पडतात. हातशिवणीत टाक्याटाक्यात केसभर फरक असतोच, त्यामुळे हर्मेसच्या 'बर्किन' पर्सवर पट्टी लावून काढल्यासारखे एकसारखे टाके दिसले, तर मला ती सफाई खटकते. शिवणीकडे इतक्या बारकाईने पाहण्याची सवय लागली की त्या कामाबद्दल मनात आदर दाटून येतो, आणि मला वाटते की तो आदर हीच पारखण्याची खरी सुरुवात आहे.

शनेल या फ्रेंच कंपनीच्या पर्सबद्दल थोडक्यात सांगतो : मागच्या खिशावरचे शिवणीने उठवलेले चौकोन पर्सच्या अंगावरच्या चौकोनांशी तंतोतंत जुळले पाहिजेत, कारण तसे जुळवून कापताना चामडे वाया जाते आणि नक्कल करणाऱ्याला ते परवडत नाही.

आता कागदपत्रे आणि नंबर. 'कार्ड आहे, म्हणजे ओरिजिनल' हा समज सर्वांत घातक आहे. लुई व्हिटॉन आणि हर्मेस खरेपणाचे कार्ड देतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या पर्सबरोबर असे कार्ड आले तर उलट शंका घ्यावी. लुई व्हिटॉनच्या २००७ ते २०२१ दरम्यानच्या पर्समध्ये ती कधी बनली हे सांगणारा, दोन अक्षरे आणि चार आकड्यांचा नंबर असतो. पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. १०२८ म्हणजे २००८ सालचा बारावा आठवडा. आठवडा सत्तरावा निघाला तर पर्स नकली, हे उघड आहे. पण बरोबर निघाला तरी ती खरी ठरत नाही, कारण बरोबर नंबर नक्कल करणाऱ्यालाही छापता येतो. २०२१ पासून नंबरऐवजी आत चिप बसवतात. शिवाय ही कंपनी सेल लावत नाही, त्यामुळे 'सेलमध्ये निम्म्या किमतीत घेतली होती' असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नये.

जुनी पर्स घेण्याआधी हँडलच्या मुळाशी असलेल्या टाक्यांचे, आतल्या खिशाच्या शिवणीचे आणि रंगवलेल्या कडांचे जवळून काढलेले फोटो मागावेत, आणि विक्रेता ते देण्यास टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच सोडावा. ज्यांनी खोटी पर्स आधीच घेतली आहे, त्यांना मी एवढेच सांगतो की ती स्वतः वापरा, परंतु खरी म्हणून पुढे विकू नका. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यानुसार खोट्या नाममुद्रेचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. अशा पर्सची उसवलेली शिवण किंवा तुटलेली चेन मी दुरुस्त करून देतो. तिच्यावर कंपनीच्या नावाचे नवे बक्कल मात्र बसवून देत नाही.