थंडीत घरघरणारा पीसी आणि फॅनची शोधाशोध

डिसेंबरात नाशिकला सकाळी चांगलाच गारठा असतो आणि नेमका तेव्हाच पीसी चालू केला की घर्रर्र असा आवाज सुरू, पार किचनमध्ये आईला ऐकू जाईल इतका. दहाएक मिनिटांत आपोआप गायब. दुपारी चालू करा, एकदम शहाणं बाळ. त्यामुळे दुकानात नेऊन दाखवायचीही सोय नाही, दुकान उघडतंच अकराला.

कॅबिनेटचं साइडचं झाकण काढून कान लावला पण काही कळेना, एक फॅन थरथरला की सगळा पत्रा वाजतो आणि आवाज सगळीकडूनच येतोय असं वाटतं. मग ठरवलं, एकेक गोष्ट बाजूला काढत जायची. गोची अशी की आवाज फक्त थंड मशीनवर यायचा, म्हणजे दिवसाला एकच टेस्ट, ती झाली की मशीन गरम आणि पुढचं उद्या सकाळी.

सीपीयूचा फॅन काढून चालवायचा नव्हता, तापमानाचं टेन्शन आणि शिवाय बरेच मदरबोर्ड फॅन एरर दाखवून थांबतात. म्हणून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन त्याचा स्पीड एकदम फुल केला. हवेचा आवाज वाढला पण घरघर होती तश्शीच, म्हणजे तो सुटला. मागच्या १२० एमएमच्या फॅनचा कनेक्टर पीसी बंद असताना काढला, तरी आवाज आहेच. (चालू फॅनच्या पात्यात पेन घालून थांबवायचा सल्ला खूप जण देतात, कृपया नको, पातं तुटतं. अगदीच थांबवायचा तर मधल्या स्टिकरवर बोट हलकेच दाबा.) ग्राफिक्स कार्डवर माझा सगळ्यात जास्त संशय होता, पण कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला लावला, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे म्हणून जमलं, तरी तेच. जुनी हार्ड डिस्क पण सोडवून बघितली, विंडोज एसएसडीवर असल्यामुळे अडलं नाही.

उरला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, त्यातही फॅन असतो. कागदाची लांब नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं मागच्या जाळीजवळ धरलं, तर आवाज थेट तिथूनच.

एसएमपीएस मात्र घरी उघडला नाही आणि तुम्हीही उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट राहू शकतो. वॉरंटी असेल तर सरळ कंपनीकडे द्यायचा, माझी कधीच संपली होती म्हणून रिपेअरिंगवाल्या दादांकडे नेला. त्यांनी फॅन बोटाने फिरवला आणि लगेच म्हणाले, स्लीव्ह बेअरिंग आहे, म्हणजे फॅनचा शाफ्ट (मधला दांडा) गोट्यांवर नाही तर तेल लावलेल्या नळीत फिरतो, आणि आतलं तेल सुकलंय. थंडीत उरलेलं तेल घट्ट होतं, शाफ्ट नीट फिरत नाही आणि घासतो, जरा गरम झालं की तेल पातळ होऊन आवाज जातो. तेल घालून देऊ का म्हणाले, पण ते काही महिनेच टिकतं, म्हणून बॉल बेअरिंगचा त्याच साइजचा फॅन बसवून घेतला.

त्याची बारीकशी गुणगुण आता दिवसभर असते, स्लीव्हवाला धड असताना याहून शांत होता हे मान्य. पण बॉल बेअरिंग जास्त टिकतं आणि किचनपर्यंत काही पोचत नाही, तेव्हा चालेल.