नागीण गेली, आग राहिली: मिरचीच्या मलमाचा माझा अनुभव

नागीण बरी झाली. फोड वाळले, खपल्या पडल्या, उजव्या बरगडीवर पाठीपासून छातीखालपर्यंत एक काळपट पट्टा उरला. आग मात्र काही जाईना. पदर नुसता घासला तरी जीव कळवळायचा, आणि रात्री आडवं झालं की त्याच पट्ट्यात भगभग सुरू व्हायची. तीन महिने उलटूनही हे असंच राहिलं की डॉक्टर त्याला नागिणीनंतरचं मज्जातंतूंचं दुखणं म्हणतात. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून बसलेला असतो. पन्नाशीनंतर कधीतरी तो उसळतो आणि जाताना तो मज्जातंतू दुखावून जातो.

गोळ्या सुरू होत्या. त्यांनी झोप लागायची, पण सकाळी गुंगी उतरायची नाही. मी नागपुरात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात उभं राहायचं असतं. म्हणून डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवायच्या ऐवजी कॅप्सेसिनचं मलम लिहून दिलं. ०.०७५ टक्के, दिवसातून चार वेळा, जखम पूर्ण भरलेल्या त्वचेवरच.

कॅप्सेसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. मिरचीच्या आत बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, तिथे तो तयार होतो. आमच्या घरी भिवापुरी मिरचीचं तिखट वर्षभराचं भरलेलं असतं, त्यामुळे सासूबाईंना हे औषध ऐकूनच धक्का बसला. "आधीच आग होते, तिथं मिरची काऊन लावून राहिली वं तू?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. डॉक्टरांनी दिलेलं उत्तर थोडक्यात असं होतं: सुरुवातीला आग वाढेल, ती सोसा. मधेमधे लावाल तर नुसती आग होईल, गुण येणार नाही. का, ते मला नीट कळून घ्यायचं होतं. कारण कळलं की सोसायला बळ येतं, असा माझा स्वभाव आहे.

त्वचेतल्या वेदनेच्या बारीक मज्जातंतूंच्या टोकांवर एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही१ नावाचं. सारखे चार तुकडे एकत्र येऊन ते पेशीच्या पापुद्र्यात एक छिद्र तयार करतात. एरवी हे छिद्र बंद असतं. त्वचा साधारण ४३ अंशांच्या वर तापली की ते उघडतं, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूकडे निरोप जातो: भाजतंय. कॅप्सेसिन नेमकं हेच छिद्र उघडतं. त्याच्या रेणूला लांब तेलकट शेपटी असते, त्यामुळे तो पेशीच्या स्निग्ध पापुद्र्यात सहज शिरतो, आणि पापुद्र्याच्या आतल्या बाजूने, डोकं खाली नि शेपटी वर, प्रथिनाच्या खोबणीत बसतो. त्वचा भाजलेली नसते, तापलेलीही नसते. मेंदूला मिळालेला निरोप मात्र चटक्याचाच असतो.

हे प्रथिन १९९७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. त्यांची रीत मला फार आवडते, बारावीच्या वर्गात मी ती आवर्जून सांगते. वेदनेच्या मज्जातंतूंत कार्यरत असलेल्या जनुकांचा साठा त्यांनी केला. कॅप्सेसिनला अजिबात दाद न देणाऱ्या पेशी घेतल्या, त्यांत त्या साठ्यातली जनुकं गटागटाने घातली, आणि कॅप्सेसिन टाकल्यावर कोणत्या पेशींत कॅल्शियम वाढतं ते पाहत गेले. गट लहान लहान करत शेवटी एकच जनुक हाती आलं. २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर मिळालं.

माझ्या कामाची गोष्ट याच्या पुढची. छिद्र वारंवार उघडत राहिलं की आत कॅल्शियमचा इतका लोंढा येतो की ते टोक थकतं, दाद देईनासं होतं. मारा चालूच राहिला तर त्वचेतले ते बारीक फाटे मागे सरतात. कॅप्सेसिनने आधी चाळवलेले मज्जातंतू पुढे बधिर होतात हे हंगेरीतले औषधशास्त्रज्ञ मिक्लोश यांचो यांनी १९४० च्या दशकातच प्राण्यांवर दाखवलं होतं. पूर्वी याचं श्रेय मज्जातंतूंतलं, वेदनेचा निरोप पुढे नेणारं सबस्टन्स पी नावाचं रसायन संपण्याला दिलं जाई. आता टोकं निकामी होणं हेच मुख्य कारण मानतात. एवढं वाचल्यावर डॉक्टरांचं 'मधेमधे लावू नका' मला पटलं. दोन वेळांत फार अंतर पडलं तर टोकं सावरतात आणि प्रत्येक वेळी पहिल्यासारखीच आग होते.

आणि झाली आग! मलम लावलं की थोड्या वेळाने आधी चुरचुर, मग तो सगळा पट्टा पेटल्यासारखा. त्यात मे महिना, नागपूरचा. पारा ४५ ला टेकलेला. कॅप्सेसिन लागलेलं असताना छिद्र उघडायची तापमानाची मर्यादा खाली येते, मग अंगाची नेहमीची ऊबसुद्धा चटका वाटते. उन्हातून गाडी चालवत घरी आल्यावर तर ती आग पुन्हा नव्याने उठायची. मी दुपारचं मलम कूलरसमोर बसूनच लावायचे. अंघोळ साध्या पाण्याने, आणि तीही मलमाच्या बऱ्याच आधी किंवा नंतर. घट्ट कपडे बाद. कॉलेजातली वेळ चुकू नये म्हणून ट्यूब पर्समध्ये असायची.

हातांची काळजी फार घ्यावी लागते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे नुसते हात धुऊन तो जात नाही. मी पातळ हातमोजा घालून मलम लावायचे, तरीही नंतर बोटांना खोबरेल चोळायचं, कागदाने पुसायचं, मग साबण, असा क्रम ठेवला होता. नखांच्या कडा खास पुसायच्या. डोळ्याला बोट लागलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: मलम वाळलं की त्याची बारीक पूड कपड्याला लागते. सकाळी गाउन झटकला की घरभर मिरचीची फोडणी दिल्यासारखा ठसका. मग ते कपडे न झटकता थेट बादलीत टाकायला लागले.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटाकडे मलमाची आग ओसरायला लागली. दुखणं त्यानंतर, हळूहळू. आधी रात्रीची भगभग विरळ झाली, मग एके दिवशी लक्षात आलं की पदर खांद्यावरून पुढे घेतलाय आणि जीव कळवळला नाही. स्पर्श कळत होता, सुती कापड सुती लागत होतं. स्पर्शाचे जाड मज्जातंतू वेगळे असतात, त्यांच्यावर बहुतेक हे प्रथिन नसतं, म्हणून मलम त्यांना सोडून देतं. परिणामही लावलेल्या जागेपुरताच. सावजीचा रस्सा जिभेला आजही तेवढाच झोंबतो.

दुखणं शंभर टक्के गेलेलं नाही. ढग दाटून आले की बरगडीखाली अजून एखादी कळ येते. पण रात्रीची गोळी निम्म्यावर आली आहे आणि सकाळी डोकं ठिकाणावर असतं, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. ओळखीतल्या एका काकांनी हेच मलम चौथ्या दिवशी सोडून दिलं, आणि "मिरचीने वाढलं" असं ते सगळ्यांना सांगतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण त्यांच्या वाट्याला फक्त आगीचेच दिवस आले. सोसवतच नसेल तर डॉक्टरांना सांगून आधी सुन्न करणारं मलम लावता येतं. कॅप्सेसिनची ८ टक्क्यांची, त्वचेवर चिकटवायची पट्टीही असते, अमेरिकेत २००९ पासून मान्यता असलेली. ती डॉक्टरांच्याच देखरेखीखाली तासभर लावतात आणि परिणाम तीनेक महिने टिकू शकतो. घरी लावायची ती वस्तू नाही.

मलम थांबवलं की टोकं पुन्हा वाढतात, त्याला काही आठवडे ते महिने लागतात. माझ्या डॉक्टरांनी आता चारवरून तीन वेळा केलंय, आणि पूर्ण बंद केल्यावर दुखणं परत येतं का ते पाहायला दिवाळीनंतर बोलावलंय.