चौदातली सहा गाणी दुसऱ्यांची

गिटार शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात, "सर, निर्वानाच्या त्या अनप्लग्डचं तुम्हाला एवढं काय? चौदातली सहा गाणी तर दुसऱ्यांचीच आहेत." खरंय. निर्वाना हा अमेरिकन रॉक बँड, आणि अनप्लग्ड म्हणजे एमटीव्ही वाहिनीसाठी त्यांनी केलेला साध्या, अकूस्टिक वाद्यांवरचा कार्यक्रम. आणि मला ती उसनी सहाच जास्त आवडतात, हेही कबूल करून टाकतो.

१८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क. एमटीव्हीला हवी होती हिट गाणी आणि बडे पाहुणे. निर्वानाचा गायक कर्ट कोबेन यानं बोलावले मीट पपेट्स या बँडचे कर्कवुड बंधू, ज्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि त्यांचीच तीन गाणी लागोपाठ गायली. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' वाजवलंच नाही. त्या गाण्यानं त्याला जगभर पोचवलं होतं आणि त्याच गाण्याचा त्याला वीट आला होता. वर्षभर आधी ब्युनोस आयर्समध्ये, निर्वानाच्या आधी वाजवणाऱ्या मुलींच्या बँडला प्रेक्षकांनी हुर्यो करून वस्तू फेकून मारल्या. मग कर्ट, हा पठ्ठ्या, त्या गाण्याची नुसती सुरुवात छेडायचा आणि भलतंच गाणं धरायचा. गाणं शेवटपर्यंत दिलंच नाही.

हिट गाणं गायकाचं राहतच नाही हो. लोक ते वसूल करायला येतात. उसन्या गाण्यात मात्र त्याला पुन्हा नुसता चाहता होता येत होतं. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचं १९७० सालचं गाणं सुरू करण्याआधी तो सांगून टाकतो, की हे माझ्याकडून नक्की बिघडणार. बिघडलं नाही. उलट पुढे कित्येकांना ते निर्वानाचंच वाटायला लागलं, माझ्या क्लासातल्या मुलांना आजही वाटतं.

स्टेजवर लिलीची फुलं आणि काळ्या मेणबत्त्या होत्या, त्यानंच मागवलेल्या. पाच महिन्यांत, सत्ताविसाव्या वर्षी तो गेला आणि लोक त्या मेणबत्त्यांत संकेत शोधू लागले. मला तो उद्योग आवडत नाही. मी त्याची थट्टामस्करी बघतो. शेवटच्या गाण्याआधी तो सांगतो, की लेडबेली या जुन्या ब्लूज गायकाची गिटार कुणीतरी मला पाच लाख डॉलरला विकायला निघालंय. मी आमच्या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखालाच म्हटलं, घेऊन द्या! लोक हसतात.

मग लेडबेली गायचा ते जुनं लोकगीत. आवाज चिरत जातो, शेवटच्या ओळीत तो मध्येच थांबतो, डोळे उघडतो, एक श्वास ऐकू येतो, आणि ओळ पूर्ण करतो. मुलांना मी तेवढाच तुकडा दाखवतो. आणखी एक गाणं म्हणा, असा आग्रह झाला. त्यानं नाही म्हटलं.

त्या रात्री त्याच्या हातात होती ती जुनी मार्टिन गिटार २०२० साली लिलावात गेली. साठ लाख डॉलरला.