एमजीबीचा गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधताना : माझा अनुभव

माझी एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 1966 ची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली, 1798 सीसी इंजिनाची. हिच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवून देणारी यंत्रणा, नाही. चारही गिअरना सिंक्रो मिळाला तो 1967 च्या अखेरीस, मार्क टू मॉडेल आल्यावर. हे आधीच सांगतो, कारण या दोन पिढ्यांचे बॉक्स आतून वेगळे आहेत आणि सुटे भाग मागवताना लोक नेमके इथेच फसतात.

त्रास मुख्यतः दोन प्रकारचा होता. तिसऱ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की लिव्हर आपसूक न्यूट्रलला यायचा. शिवाय पहिल्या तिन्ही गिअरमध्ये खालून घरघर यायची, पण चौथा टाकला की ती जवळजवळ थांबायची. या दुसऱ्या लक्षणानं मला बॉक्स उघडण्याआधीच बरंच सांगितलं. चौथा गिअर म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा मेनशाफ्ट तिथे थेट जोडले जातात. खालचा लेगिअर, म्हणजे या शाफ्टना समांतर असलेला गिअरचा संच, तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. बाकीच्या गिअरमध्ये मात्र सगळी ताकद त्याच्यातूनच जाते. म्हणजे दोष लेगिअरच्या बेअरिंगमध्ये असणार, असा माझा अंदाज होता. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये ऐकू येणारा आवाज क्लच दाबल्यावर जात होता, त्यामुळे इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवरही संशय होता.

एमजीबीत नुसता गिअरबॉक्स खालून काढता येत नाही. इंजिन आणि बॉक्स जोडीनं वर उचलावे लागतात. बॉनेट, रेडिएटर, एक्झॉस्टचा पुढचा पाइप, स्पीडोमीटरची केबल, आतून गिअर लिव्हर असं एकेक सोडवलं. क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचा होज न सोडता तो सिलिंडरच बाजूला बांधून ठेवला, म्हणजे नंतर हवा काढत बसावं लागत नाही. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपशाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर खुणा केल्या. मग बॉक्सखालचा क्रॉसमेंबर काढला, शेपटीकडची बाजू चांगली खाली झुकवली आणि हॉइस्टनं जोडी बाहेर घेतली. या कामाला एक माणूस मदतीला हवाच, कारण बॉक्सचं टोक बल्कहेडला (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला) घासणार नाही हे कुणीतरी सतत पाहत राहावं लागतं.

ऑइल काढलं तेव्हा त्याला गंधकाचा उग्र वास होता. कुणीतरी आधी डिफरन्शियलचं ईपी (जास्त दाब सोसणारं) ऑइल भरलेलं असणार. या बॉक्सला कंपनीनं इंजिन ऑइलच सांगितलं आहे, आणि त्याला कारण आहे. सिंक्रोच्या रिंगा आणि गिअरचे बुश (गिअर ज्यांवर फिरतात त्या नळ्या) तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. ईपी ऑइलमधली गंधकयुक्त रसायनं तापल्यावर अशा धातूला खातात. शिवाय ते ऑइल जास्त निसरडं असल्यानं रिंगेला गिअरवरच्या कोनावर (शंकूसारख्या भागावर) पकड घेता येत नाही, आणि सिंक्रोचं सगळं काम त्या पकडीवरच चालतं.

आता आतली गंमत. वरचा भाग, बाजूचं कव्हर, मागचं एक्स्टेन्शन आणि सिलेक्टर (गिअर निवडणारे दांडे) काढले की लेशाफ्ट, म्हणजे लेगिअर ज्यावर फिरतो तो दांडा, ठोकून बाहेर काढायचा. तो निघताच लेगिअर केसच्या तळाशी जाऊन बसतो. मगच मेनशाफ्ट मागून आणि इनपुट शाफ्ट पुढून बाहेर येतो, आणि लेगिअर सगळ्यांत शेवटी. जोडताना हाच क्रम उलटा. हा क्रम एकदा डोक्यात बसला की बॉक्सची भीती जाते. माझी तरी तिथेच गेली.

लेशाफ्ट हातात घेतला आणि घरघर डोळ्यांना दिसली. निडल रोलर (सुईसारखे बारीक रोलर) जिथे फिरतात तिथला कडक थर सुटून खड्डे पडले होते, आणि तेही फक्त एका बाजूला. हा शाफ्ट स्वतः फिरत नाही; गिअरचे दाते एकमेकांना दूर ढकलतात, तो जोर कायम एकाच बाजूवर येतो. लेगिअरच्या भोकातही तशाच खुणा होत्या. त्यामुळे शाफ्ट, लेगिअर आणि रोलर तिन्ही नवे घेतले. यात काटकसर करायला माझा ठाम विरोध आहे. खराब भोकात नवे रोलर टाकले तर ते फार दिवस टिकत नाहीत आणि त्यांचा चुरा बाकीचा बॉक्स खराब करतो.

तिसरा गिअर सुटण्याचं कारण शोधायला वेळ लागला. सिलेक्टरला जागेवर धरणाऱ्या गोळीमागची स्प्रिंग दबून ढिली झाली होती, पण तेवढ्यावर थांबावंसं वाटेना. मेनशाफ्टवर गिअर हलवून पाहिला तर बुश झिजून तो डुगडुगत होता. गिअर तिरका झाला की डॉगचे, म्हणजे गिअरला शाफ्टशी अडकवणारे, दाते सरळ पकडत नाहीत, आणि भार उलटा झाला की त्यांना पकडणारी सरकती स्लीव्ह मागे सरकते. म्हणून हब (स्लीव्ह ज्यावर सरकते तो भाग), बुश आणि स्प्रिंग तिन्ही बदलले. नुसती स्प्रिंग बदलली असती तर तक्रार काही काळ दबली असती, एवढंच.

मेनशाफ्टवरचा पुढचा वॉशर स्प्रिंगवर बसलेल्या एका छोट्या खुंटीनं अडकवलेला असतो. खुंटी आत दाबून वॉशर थोडा फिरवला की तो खाचांशी जुळून बाहेर येतो. हे माहीत नसलेली माणसं तिथे हातोडी मारतात. हब स्लीव्हमधून काढताना तो कापडात गुंडाळून घ्यावा. आतल्या तीन गोळ्या आणि स्प्रिंगा एका क्षणात खोलीभर होतात. नवे बुश थंडे चढत नाहीत. वर्कशॉप मॅन्युअल त्यांना 180 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सांगतं. तापवलेला बुश हातानं सरकतो आणि थंड झाला की शाफ्टला घट्ट धरतो. सगळी जुळवाजुळव आधीच करून ठेवायची, कारण बुश बसल्यावर दुरुस्तीला वाव नाही.

मला सर्वांत आवडलेला भाग मोजमापाचा. तिरक्या दात्यांमुळे लेगिअर सतत पुढेमागे ढकलला जातो आणि त्याला दोन थ्रस्ट वॉशर अडवून धरतात. प्ले, म्हणजे मोकळी फट, हवा दोन ते तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण 0.05 ते 0.08 मिलिमीटर. त्याहून कमी असेल तर गिअर जाम होतो, जास्त असेल तर आवाज आणि झीज. मागचा वॉशर वेगवेगळ्या जाडीत मिळतो. रिकाम्या केसमध्ये नुसता लेगिअर बसवायचा, फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) मोजायचं, वॉशर बदलायचा, पुन्हा मोजायचं. ज्यांच्याकडून मी हे शिकलो ते अनुभवी मेकॅनिक म्हणायचे, "नवा पार्ट आहे म्हणून माप बरोबर असेल असं धरू नका. बसवा, मोजा, मग बोला." पेटीतून आलेला नवा वॉशर लावला तेव्हा प्ले पाच थाऊच्या वर होता! जाड वॉशर लावल्यावर अडीचला आला.

सिंक्रोची रिंगही मोजूनच घ्यावी. कोनावर दाबून फिरवायची. पकड बसली की रिंग आणि डॉगच्या दात्यांमधली फट बघायची. जुन्या रिंगांत ती फट जवळपास संपली होती, म्हणजे रिंग कोनावर घट्ट बसण्याआधीच दात्यांना टेकत होती. दुसरा गिअर टाकताना होणारी करकर तिथूनच येत होती.

जोडणीसाठी लेशाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि लेगिअरइतक्याच लांबीचा एक डमी शाफ्ट करून घेतला. तो रोलर जागेवर धरतो. लेगिअर तळाशी ठेवून बाकीचे शाफ्ट बसवायचे, मग लेगिअर वर उचलून खरा शाफ्ट आत सरकवायचा आणि त्यानं डमीला पुढे ढकलून बाहेर काढायचं. थ्रस्ट वॉशर ग्रीसनं चिकटवले होते, तरी एक खाली घसरला आणि सगळं पुन्हा उचलावं लागलं. या टप्प्यावर घाई चालत नाही. बॉक्स बंद करण्याआधी इनपुट शाफ्ट हातानं फिरवत चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. बॉक्स बाहेर आहेच म्हणून क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं सील तेव्हाच बदलून टाकलं.

गाडीत बसवून 20डब्ल्यू50 इंजिन ऑइल भरलं. तिसरा आता उतारावर पाय पूर्ण काढला तरी जागचा हलत नाही, आणि दुसरा एका बोटानं जातो. पहिल्या गिअरचा सूर मात्र आहे तसाच आहे. त्याचे दाते सरळ कापलेले असतात, तो आवाज करणारच. तो टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबवावी लागते, नाहीतर डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून, ॲक्सिलरेटर देऊन तो पुन्हा दाबावा लागतो. थोडं चालवून ऑइल पहिल्यांदा बदललं तेव्हा त्यात बारीक पितळी झाक होती, नव्या रिंगा बसताना सुटलेली. लोखंडाचा कण एकही नव्हता.