थर आणि घोट

मला चित्र काढता येत नाही, हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याला आता वैद्याने नाडी पाहून केलेल्या निदानाचे वजन आले आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर, त्यांच्या खाचेतून वर येणारा सूर्य आणि खाली उगाचच वाकडी होत गेलेली नदी एवढ्यावर माझी प्रगती थांबली आणि पुढे कोणी तिची चौकशीही केली नाही. त्यामुळे एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात पेला घेऊन, रंगाला पूर्वी कधीही हात न लावलेल्या माणसांनी दोन तासांत एक अख्खे चित्र पुरे करायचे अशा एका संध्याकाळी मैत्रिणीने मला ओढून नेले, तेव्हा पेला मी नीट सांभाळीन, ब्रशाचे मात्र काही सांगता येत नाही, असे मी तिला आधीच बजावले होते. हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची मला हौस नाही. तिला ती माझ्या वतीनेही आहे.

खोलीत टेबलांच्या दोन रांगा होत्या. प्रत्येक खुर्चीपुढे लहानशा लाकडी ईझलवर १६ बाय २० इंचांचा कोरा कॅनव्हास उभा केलेला होता आणि कागदी थाळीत पांढरा, पिवळा, लाल, निळा आणि काळा अशा पाच रंगांचे पाच गोळे होते. शेजारी तीन ब्रश, पाण्याचा डबा, हात पुसायला कागद आणि ज्याला जे हवे ते पेय. कोणाच्या पेल्यात वाइन होती, कोणाच्या पेल्यात नुसता फळांचा रस. माझ्या पेल्यात द्राक्षाचा रस होता आणि ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार असल्यामुळे आत्ताच नोंदवून ठेवते. समोर सगळ्यांना दिसेल असे शिकवणाऱ्या बाईंचे तयार चित्र मांडले होते: मावळतीचे आकाश, खाली तळे आणि उजव्या काठावर काळेभोर एकटे झाड. आम्हा वीस जणांना तेच चित्र काढायचे होते.

कोऱ्या कॅनव्हासची भीती खरी असते. कागद चुरगाळून टाकता येतो, पण लाकडी चौकटीवर ताणून बसवलेले ते पांढरेफटक कापड समोर उभे राहिले की आपण कोणाच्या तरी धुतलेल्या भिंतीपुढे चिखलाचे हात घेऊन आलो आहोत असे वाटते. मोठमोठ्या माणसांनाही ते चुकलेले नाही. विन्स्टन चर्चिल यांनी १९१५ साली, वयाच्या चाळिशीत, नौदलाचे खाते हातचे गेल्यानंतरच्या उदास दिवसांत पहिल्यांदा चित्रकलेचा नाद धरला, तेव्हा कॅनव्हासवर एका दाण्याएवढा निळा ठिपका देऊन ते थबकून राहिले होते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तेवढ्यात चित्रकार जॉन लॅव्हरी यांच्या पत्नी हेझल तेथे आल्या, त्यांनी मोठा ब्रश मागून घेतला आणि त्या कॅनव्हासवर सपासप फटकारे ओढले. कॅनव्हास उलट वार करत नाही, हे चर्चिल यांना त्या क्षणी उमगले. आमच्या बाईंनी हेच काम अधिक शिस्तीत केले. “आधी कॅनव्हास खराब करून टाका, म्हणजे तो खराब होण्याची भीती उरणार नाही,” असे म्हणत त्यांनी सगळ्यांना पिवळ्या रंगाची एक मोठी फुली मारायला लावली. वीस फुल्या पडल्या आणि खोलीतला आवाज एकदम वाढला. परीक्षेत पेपर हातात पडल्यानंतर न येता तो परत घेतल्यानंतर येतो, तसा.

आकाश खालून वर रंगवायचे होते: क्षितिजाशी पिवळा, त्याच्यावर नारिंगी, मग गुलाबी आणि सगळ्यांत वर निळा. ऐकायला हे सोपे वाटते. नारिंगीपर्यंत माझे ठीक चालले होते, पण मधला गुलाबी पट्टा मला अनावश्यक लाड वाटला आणि मी नारिंगीवर थेट निळा आणून टेकवला. दोहोंची सांधेजोड करण्यासाठी ब्रश इकडून तिकडे फिरवला मात्र, आणि माझ्या सूर्यास्ताच्या मधोमध भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा एक जाड पट्टा तयार झाला. रंगाचा बेरंग हा शब्दप्रयोग मी आजवर लाक्षणिक अर्थाने वापरत आले होते. बाईंनी कारण सांगितले ते असे, की नारिंगीत लाल आणि पिवळा आधीच असतात, त्यात निळा मिसळला की तिन्ही मूळ रंग एकत्र येऊन एकमेकांचे तेज मारतात आणि उरतो तो तपकिरी. गुलाबीत पांढरा भरपूर असल्यामुळे आणि पिवळा नसल्यामुळे तो या दोन भांडखोरांच्या मध्ये उभा राहू शकतो. मध्यस्थाला अनावश्यक समजण्याची माझी सवय घरातही नडली आहे, पण तो विषय वेगळा.

गंमत अशी की मिसळल्यावर एकमेकांना मारणारे हेच रंग शेजारी शेजारी ठेवले की एकमेकांना उजळतात. थाळीत मवाळ वाटणारा माझा नारिंगी, वर निळा चढल्यावर जणू आतून पेटला. फ्रान्समधील मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याला कारण झाली ती एक साधी तक्रार. पॅरिसमधील गोबेलँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता आणि तिथला काळा रंग फिका पडतो असे लोकांचे म्हणणे होते. त्याने तपासले तेव्हा दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत निघाला. मला ही हकीकत त्या संध्याकाळी वारंवार आठवत होती, कारण माझे चित्र एकटे पाहिले तर बरे दिसे आणि डावीकडच्या गृहस्थांच्या चित्राशेजारी पाहिले की ताबडतोब फिके पडे. उजवीकडे मैत्रीण होती. तिच्या चित्राशेजारी माझे चांगले उजळून निघत होते, म्हणून मी मान उजवीकडे वळवण्याचे धोरण ठेवले.

पण खरी परीक्षा रंग लावण्याची नव्हतीच. आकाश पुरे झाल्यावर बाई म्हणाल्या, “आता ब्रश खाली ठेवा, पेला उचला आणि पाच मिनिटं चित्राला हात लावू नका.” नवशिक्याला यापेक्षा कठीण काम सांगता येणार नाही. समोर आकाश ओलेचिंब चमकत होते, त्यात डाव्या बाजूला ढगासारखा एक ओरखडा दिसत होता, आणि तो नीट करायला अर्धा क्षणही लागला नसता. बाई पाठमोऱ्या होताच मी ब्रशाचे टोक हळूच टेकवले. ओरखडा गेला नाही. त्याच्याभोवतीचा रंग मात्र दुधावरची साय चमच्याला गुंडाळून यावी तसा ब्रशाला गुंडाळून आला, आणि आकाशात अंगठ्याएवढे पांढरे भोक पडले. ते बुजवायला मी आणखी रंग लावला. तेव्हा ते दोन अंगठ्यांएवढे झाले.

बाईंनी रागावण्याऐवजी समजावून सांगितले, ते अधिक लागले. ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेले कृत्रिम राळेचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यासोबत मिसळलेली रंगाची पूड. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो; एकदा तो झाला की वरून पाणी ओतले तरी विरघळत नाही. (ब्रश पाण्यात न ठेवता टेबलावर तसाच टाकला तर त्याची काडी होते, तीही याच कारणाने, खोलीत अशा दोन काड्या त्या वेळेपर्यंत झाल्या होत्या.) ओले असताना हे माध्यम दुधट असते आणि वाळताना पारदर्शक होत जाते, म्हणून वाळलेला रंग ओल्या रंगापेक्षा थोडा गडद दिसतो आणि घाईने जुळवलेली छटा हमखास फसवते. पूर्ण ओला असताना त्याला हवा तसा फिरवता येतो, पूर्ण वाळल्यावर त्याच्यावर निर्धास्तपणे दुसरा थर देता येतो; मधल्या काही मिनिटांत मात्र तो ना धड रंग असतो ना धड पापुद्रा, आणि माणूस नेमका तेव्हाच त्याला छेडायला जातो. तैलरंगांना वाळायला काही दिवस लागतात, त्यामुळे त्यांत अशी दोन तासांची मैफल होऊच शकली नसती. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५०च्या दशकात बाजारात आले आणि आकाश, वाट पाहणे आणि झाड हे तिन्ही एका बैठकीत बसू लागले.

एवढे ऐकल्यावर माझ्या डोक्यात पेल्याचे कोडे सुटले. इथे पेय ठेवतात ते माणसांचा संकोच जावा म्हणून, असे सगळेच मानतात आणि मीही तेच धरून गेले होते. परंतु माझ्या पेल्यात द्राक्षाच्या रसापलीकडे काही नव्हते, आणि तरीही तासाभरात मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना त्यांच्या तळ्याविषयी न मागितलेला सल्ला देण्याइतकी मोकळी झाले होते. पेल्याचे खरे काम हाताला चित्रापासून दूर ठेवण्याचे आहे असे माझे आता ठाम मत आहे. रिकामा हात वाट पाहू शकत नाही. तो कुठेतरी टेकतोच. पेला उचलायचा तर ब्रश ठेवावा लागतो, घोट घ्यायचा तर पाठ खुर्चीला टेकते, आणि पाठ टेकली की चित्र हातभर लांब जाते. हातभर लांबून तो ओरखडा मला दिसेनासाच झाला होता. दिसत होते ते भोक. एक थर, एक घोट, पुन्हा एक थर, असा क्रम मी सुरुवातीपासून पाळला असता तर त्या भोकाची वेळच आली नसती. रस थंड होता आणि चांगला होता. तो पिण्याचे सोडून मी आकाश पोखरत बसले.

त्यानंतर मात्र मी घोट इमानाने घेतले. तळे रंगवून झाल्यावर पुन्हा पाच मिनिटे मिळाली आणि तेव्हा पहिल्यांदा मी बाकीच्यांची चित्रे पाहण्यासाठी उठले. वीस जणांनी एकच चित्र उतरवायचे, यात कला कसली, असे हिणवणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांतली एक मीच होते. खरे तर नक्कल करून शिकणे ही जुनी आणि मानाची रीत आहे. लूव्र संग्रहालय १७९३ साली लोकांसाठी खुले झाले तेव्हा तिथली चित्रे पाहून हात तयार करू पाहणाऱ्या चित्रकारांसाठी वेगळे दिवस राखून ठेवलेले होते, आणि आजही तिथे परवानगी काढून ईझल मांडता येते. तिथल्या नकलांशी आमच्या नकलांची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण एका गोष्टीने मी चकित झाले. सूचना सगळ्यांना तीच होती, रंग तेच, ब्रश तेच, आणि तरीही एकाही सूर्यास्ताचा दुसऱ्याशी मेळ बसत नव्हता. एकीचे आकाश वादळ येऊन गेल्यासारखे होते, एका मुलाचे जणू फुटपट्टीने आखलेले, आणि डावीकडच्या गृहस्थांचे तळे इतके शांत होते की मी दिलेला सल्ला मनोमन मागे घेतला. मैत्रिणीने निळ्या रंगाचा ब्रश धुण्यासाठी म्हणून स्वतःच्या वाइनमध्ये बुडवला होता, एकदा नव्हे, दोनदा. आणि दुसऱ्या खेपेला तिने तो शांतपणे हलवूनही घेतला. बाईंनी तिला नवीन पेला दिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

शेवटी झाड. बारीक ब्रशाने, काळ्या रंगाने, उजव्या काठावर. पण माझे भोक आकाशात डावीकडे होते आणि ते तसेच पांढरे डोळे वटारून माझ्याकडे पाहत होते. आकाश आता खडखडीत वाळले होते, तेव्हा त्याच्यावर निळ्याचा हात देता आला असता. मी तसा तो दिलाही, पण ओला असताना तंतोतंत जुळलेला निळा वाळताना गडद होत गेला आणि ठिगळ स्वच्छ दिसू लागले. मग मी झाडालाच उजव्या काठावरून उठवून डावीकडे आणले. ठिगळ पुरते झाकले जावे म्हणून खोड जाड करावे लागले, खोडाला शोभाव्यात म्हणून फांद्याही जाड झाल्या, आणि बघता बघता तळ्याकाठी उभ्या असलेल्या त्या नाजूक, एकाकी झाडाच्या जागी कुटुंबवत्सल म्हणावे असे एक धिप्पाड झाड उभे राहिले. बाई मागे येऊन थांबल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “तुमचं झाड तिथंच उगवलं असणार.” हे कौतुक होते की कसे, ते मी विचारले नाही.

छायाचित्रासाठी वीसही चित्रे भिंतीशी ओळीने मांडली गेली. एकोणीस झाडे उजवीकडे आणि एक डावीकडे, त्यामुळे आपले कोणते हे शोधण्याचे कष्ट मला पडले नाहीत. मैत्रीण माझ्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अगं, तू मुद्दाम डावीकडे घेतलंस ना?” मी मान हलवली, ती होकारार्थी होती की नकारार्थी हे तिचे तिने ठरवावे, एवढी काळजी मी घेतली.

निघण्यापूर्वी टेबल आवरायला गेले, तर दुसऱ्यांदा भरून घेतलेला माझा पेला अजून अर्धा शिल्लक होता. तो पाण्याच्या डब्याला खेटून उभा होता, आणि दोन तासांत ब्रश धुऊन धुऊन डब्यातल्या पाण्याला जो जांभळट रंग आला होता तो द्राक्षाच्या रसाशी इतका हुबेहूब जुळत होता, की त्या संध्याकाळी माझ्या हातून तंतोतंत जुळलेली ती एकमेव छटा असावी. पेला उचलून मी एकदा वास घेतला, मग तो होता तिथेच ठेवला आणि ॲप्रन काढला.